मोफत आहे, म्हणून घाई नाही

उद्यानात किंवा निसर्ग केंद्रात कुटुंबांसाठी मोफत दिवस आहे असं कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथे बघण्यासारखं आहे काय?" आणि मागोमाग दुसरा, जरा हळू आवाजात, "फुकट आहे म्हणजे यथातथाच असणार ना?" या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे: असा दिवस चांगला जातो, तो तिकीट नसतं म्हणूनच. पैसे वाचतात हे तर आहेच, आणि ज्या घरात महिनाअखेरीचा हिशेब बघून बाहेर पडावं लागतं तिथे ते फार मोलाचं आहे. पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं.

तिकीट काढलं की ते वसूल करायची जबाबदारी अंगावर येते. माणशी इतके, चौघांचे इतके, वर पार्किंग. मग मूल कुठे रमलं की आपणच त्याचा हात ओढतो, "चल, अजून बरंच बघायचंय." सगळं बघून होतं, फोटो काढून होतात, आणि ते पोर जे बघत होतं तेवढंच नेमकं अर्धवट राहतं. तिकीट नसलं की ही घाईच नसते. दिवसभरात एकच कोपरा बघून झाला तरी काही बुडत नाही.

माझ्या भाचीचं सांगते. एका झाडाखाली, बारीक कोरड्या मातीत, नरसाळ्यासारखे छोटे छोटे खड्डे होते. एक मुंगी काठावरून आत घसरली. वर चढू लागली तर पायाखालची माती सुटून पुन्हा खाली. तेवढ्यात तळातून कुणीतरी तिच्या अंगावर माती उडवली, ती आणखी घसरली, आणि मातीतून वर आलेल्या दोन बाकदार जबड्यांनी तिला पकडून आत ओढलं. भाची तिथेच पालथी पडली, नाक खड्ड्यापासून वीतभर अंतरावर. मग बराच वेळ काहीही घडलं नाही. ती बघत राहिली. काठावरून मातीचा कण घरंगळला तरी श्वास रोखायची. शेवटी खड्ड्याचा मालक थोडा हलला, तेव्हा तो डोक्याने माती बाहेर भिरकावतो हे तिचं तिलाच कळलं. कुणी शिकवलं नव्हतं.

तिथल्या मार्गदर्शक ताई मागे उभ्या होत्या. तोवर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, याचं मला फार कौतुक वाटलं. भाचीने मान वर करून विचारलं तेव्हाच सांगितलं, की ही एक अळी आहे, मोठी झाल्यावर चतुरासारखे लांब पंख येतील. खड्डा खणताना ती उलटी चालते. आणि अळी असेपर्यंत शी करतच नाही, सगळं पोटात साठवून ठेवते आणि पंख फुटल्यावर टाकते! यावर आजूबाजूच्या पोरांनी जो गलका केला, तसा कुठल्याही पाटीवरची माहिती वाचून होणार नाही.

निसर्ग केंद्रात खरं मोल अशा माणसांचं असतं. त्याच ताईंनी पुढे एक कुजका ओंडका हळूच आपल्याकडे कलता केला. खाली राखाडी, चिलखती पाठीचे जीव, बोट लावलं की गोळी होणारे. सगळे "किडे, किडे" ओरडले. ताईंनी पाय मोजायला लावले. कीटकाला सहा असतात, इथे चौदा निघाले. हे जीव खेकडा-कोळंबीच्या कुळातले, जमिनीवर राहायला आलेले, म्हणून तर ओल सोडून जात नाहीत. मग ओंडका जसा होता तसा परत ठेवायचा. हे शेवटचं काम त्यांनी मुलांकडूनच करून घेतलं, आणि एरवी वस्तू फेकणारी पोरं ते कसं जपून करत होती!

"फुकट म्हणजे हलकं" या समजुतीबद्दल थोडं बोलायलाच हवं. जुन्या काळी देखण्या बागा राजेरजवाड्यांच्या, उमरावांच्या. इंग्लंडमध्ये बर्कनहेडला 1847 साली सार्वजनिक पैशातून उभारलेलं उद्यान सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याची आखणी केली जोसेफ पॅक्स्टनने. म्हणजे एका ड्यूकच्या बागा सांभाळणाऱ्या माणसाने तीच कला सर्वांसाठी वापरली. 1850 मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा अमेरिकन तिथे गेला आणि गरीब-श्रीमंत सगळे त्या बागेचा जवळपास सारखाच आनंद घेतात हे बघून थक्क झाला. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा त्याने कॅल्व्हर्ट व्हॉक्सबरोबर केला. मोफत प्रवेश ही कुणी केलेली मेहेरबानी नव्हे. पैसे आपण भरलेलेच असतात, करातून. फक्त दारात कुणी हात पसरत नाही, आणि आत कोण किती भरून आलाय हे कळत नाही.

मुलांच्या डोळ्यांचं तर आई-बापांनी मनावर घ्यावं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला, निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत रोज 40 मिनिटं जादा बाहेर घालवली, बाकीच्या शाळांत नेहमीप्रमाणे. तीन वर्षांत बाहेर जाणाऱ्यांपैकी 30.4 टक्के मुलांना नव्याने लांबचं अंधुक दिसू लागलं, इतरांपैकी 39.5 टक्क्यांना. लख्ख वाटणाऱ्या खोलीतही उजेड काहीशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) असतो, आणि बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा काही हजार. या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि डोळ्याचा गोळा वाजवीपेक्षा लांबट होणं, ज्याने लांबचं अंधुक दिसतं, ते मंदावतं, असं संशोधक मानतात. तिथे शिकवण्याची, साहित्याची गरज नाही. नुसतं बाहेर असणं पुरतं.

मोठ्यांचंही तेच. इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीवरून 2019 मध्ये असं दिसलं, की आठवड्यातून किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन ठीक असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ती दोन तासांची बेरीज एका फेरीत झाली काय किंवा तुकड्या-तुकड्यांनी झाली काय, फरक दिसला नाही. मुळात धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडत असतील, ही शंका रास्त आहे आणि अशा पाहणीतून ती पुरती फिटत नाही. तरी आठवडाभर कामाला जुंपलेल्या घराला एक निवांत सकाळ पुरेशी ठरू शकते, ही मला फार दिलासा देणारी गोष्ट वाटते.

आता आयोजकांना मनापासून सांगायचंय. मोफत दिवस ठरला की तो भरगच्च करायची हौस येते: लाउडस्पीकर, हवेचे फुगीर किल्ले, चित्रकला स्पर्धा, बक्षीस वाटप, पाहुण्यांची भाषणं. यातलं काहीही कुठल्याही मैदानावर होतं. पक्षी मात्र पहिल्या अर्ध्या तासात उडून जातात, आणि नेमके तेच दाखवायला आपण मुलांना आणलेलं असतं. त्यापेक्षा चार चांगले मार्गदर्शक नेमा. आजी-आजोबांना बसायला सावलीत बाकं, पिण्याचं पाणी, स्वच्छ शौचालय आणि चाकाची खुर्ची जाईल अशी एक वाट, एवढं असलं तरी सगळं घर पूर्ण वेळ थांबतं.

आणि वर्षातून एकच मोफत दिवस ठेवू नका. तसं केलं की झुंबड उडते, लोक "आजच काय ते बघून घ्या" म्हणत मुलांना पळवत नेतात, आणि तिकिटाची घाई दुसऱ्या दाराने आत येते. दर महिन्याला एक ठरलेला दिवस, गाजावाजा न करता. मी हे आमच्या जवळच्या केंद्राला लेखी कळवलंय. तुम्हीही आपापल्या ठिकाणी कळवा, आणि काय उत्तर आलं ते इथे नक्की लिहा.