अग्नी दिला म्हणून घर नावावर होत नसतं

गेल्या आठवड्यापासून सोलापुरातल्या माझ्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय. वर लिहिलंय "मृत्यूनंतरचे कायदे, जपून ठेवा" आणि खाली चार गोष्टी. जो अग्नी देतो आणि अंत्यविधीचा खर्च करतो तोच कायदेशीर वारस, नॉमिनी म्हणजे मालक, लग्न झालेल्या मुलीला माहेरी हक्क नाही, आणि रजिस्टर न केलेलं मृत्युपत्र म्हणजे रद्दी. मी वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते, रोज हेच कागद हातातून जातात, आणि ह्या चारही गोष्टी चूक आहेत. ह्याच्यापायी बायका घराबाहेर पडलेल्या बघितल्यात म्हणून एवढं लिहायलेय.

आधी अग्नीचं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 8 प्रमाणं, मृत्युपत्र न करता माणूस गेला तर बायको, मुलगा, मुलगी, आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, आणि वाटा सगळ्यांना सारखा. अग्नी कुणी दिला, पिंडदान कुणी केलं असलं काही तिथं विचारलेलंच नाही. आणि जरा आपल्या गावाकडंच बघा की, लिंगायत घरं किती आहेत इथं, त्यांच्यात मयत पुरतात, अग्नीचा विषयच नाही, आणि हाच कायदा कलम 2 मध्ये लिंगायतांचं नाव घेऊन त्यांना लावलाय, मग मेसेजच्या हिशोबानं त्यांच्यात वारस कुणीच नाही का? पोरगा पुण्याहून वेळेत पोचला नाही आणि चुलतभावानं अग्नी दिला तर घर चुलतभावाचं होत नाही. कलम 25 म्हणतं, ज्याची इस्टेट त्याचाच खून केला तर वारसपण जातं. स्मशानात हजर नव्हता म्हणून जातं असं कुठंच नाही. (मुसलमान घरांना वारसाचा कायदा वेगळा आहे, पण अंत्यविधी करणारा तोच वारस असं त्यातही नाही.)

खर्चाचं म्हणाल तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम 320 आहे, अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या दुखण्यातला दवाखान्याचा खर्च मयताच्या इस्टेटीतून बाकी सगळ्या कर्जांच्या आधी द्यायचा. म्हणजे लाकडं, शववाहिका, दवाखाना ज्यानं खिशातून भागवलं त्यानं पावत्या ठेवाव्यात आणि तेवढे पैसे मागून घ्यावेत. तेवढेच. रूपाभवानी स्मशानभूमीत केलेल्या खर्चावर पूर्वभागातलं अख्खं घर मिळत नसतं.

नॉमिनीवरनं तर आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं डोळ्यासमोर घडलं. नवऱ्याची एफडी लग्नाआधीची, नॉमिनी धाकटा दीर, नाव बदलायचं राहूनच गेलं. बँकेनं पैसे दिराला दिले, ते बरोबरच होतं, पण दीर म्हणाला आता माझेच. काकू वर्षभर बिड्या वळून घर चालवत होत्या, दोन पोरं शाळेत, आणि कुणी त्यांना सांगितलं नाही की नॉमिनी म्हणजे फक्त पैसे ताब्यात घेणारा माणूस, ते पुढं वारसांचेच असतात. सुप्रीम कोर्टानं बँकेतल्या ठेवीबद्दल हे 2010 ला सांगितलंय, शेअर्सबद्दल 2023 ला. विम्यात मात्र 2015 पासून फरक पडलाय, तिथं आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं ह्यांच्यातलं कुणी नॉमिनी असलं तर रक्कम सहसा त्यांचीच होते, म्हणून पॉलिसी काढून नाव कुणाचं आहे ते आजच बघा.

मुलीचा हक्क लग्नानं जात नाही. वडिलांच्या स्वकमाईत तो 1956 पासूनच आहे. वडिलोपार्जितमध्ये 9 सप्टेंबर 2005 पासून मुलाइतकाच, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच पाहिजेत असंही नाही, हे सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटण्या झाल्या असतील तर त्या मोडत नाहीत. तरी तेराव्याची जेवणं उरकली की बहिणींपुढं कागद येतो, "वारस नोंदीला लागतंय, सही कर". रडून डोळे सुजलेले असतात, कोण वाचतंय? वारस नोंदीला बहिणीनं हक्क सोडायची काहीच गरज नसते, तिचंही नाव लावायचं असतं. ताई, हक्कसोडपत्र लिहिलेलं दिसलं तर सही करू नका, कागद घरी आणा, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

राहिलं मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं ऐच्छिक आहे, केलेलं बरं. पण दोन साक्षीदार मात्र लागतातच, आणि ते शक्यतो आपल्यापेक्षा वयानं लहान घ्या, कारण पुढं कोर्टात जबाब द्यायला त्यातला एक तरी हयात असलेला बरा.