आठ सेकंदांपलीकडचे चित्र

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतीला परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, तरी या शर्यतीविषयीचा वाद मिटलेला नाही, हे टेक्सासमध्ये राहूनही जाणवत राहते. खेड-जुन्नरकडून येणाऱ्या चित्रफितींत भंडाऱ्याने पिवळा झालेला घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, आणि सुसाट सुटलेली बारी, म्हणजे धावेला सोडलेली बैलगाडी, असते. विरोधकांकडून येतात ती जखमी बैलांची छायाचित्रे. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटते. या चित्रांत माणसे जवळजवळ नसतातच, याकडे माझे लक्ष वेधले ते येथील रोडिओच्या, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींच्या सामन्यांच्या, छायाचित्रांनी.

रोडिओचेही एक ठरलेले चित्र आहे. उसळणाऱ्या बैलावर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचे, आणि शंभरपैकी निम्मे गुण स्वाराला तर निम्मे बैलाला मिळायचे. तो स्वार चित्रपटांमुळे जगाच्या मनात गोरा ठसला आहे. प्रत्यक्षात गुरे राखण्याची ही विद्या मेक्सिकन गुराख्यांकडून आली, आणि एकोणिसाव्या शतकातील सुमारे चौथा हिस्सा काउबॉय कृष्णवर्णीय होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. धावत्या घोड्यावरून झेप घेऊन बैलाला लोळवण्याचा खेळप्रकार ज्यांच्या नावे ओळखला जातो, ते बिल पिकेट कृष्णवर्णीयच होते. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९४ मध्ये त्यांचे तिकीट छापले, तेव्हा चुकीच्या नावाने जपल्या गेलेल्या छायाचित्रामुळे त्यावर त्यांच्या भावाचा, बेन पिकेट यांचा, चेहरा आला आणि तिकिटे नव्याने छापावी लागली. चित्राखाली नाव नीट लिहिलेले नसले, तर थोर माणसाचा चेहराही हरवतो.

ही उणीव काही छायाचित्रकारांनी चिकाटीने भरून काढली. सारा बर्ड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधील कृष्णवर्णीयांच्या रोडिओंची छायाचित्रे काढली. ती पुस्तकरूपाने २०२४ मध्ये आली. रोरी डॉईल यांनी मिसिसिपी डेल्टातील कृष्णवर्णीय घोडेस्वारांचे जीवन टिपले. अशा कामाला वस्तीवर वारंवार जावे लागते, तेथील माणसांचा विश्वास मिळवावा लागतो. ह्यूस्टनच्या रोडिओसाठी दरवर्षी घोड्यांवरून येणारे जथे पाहताना आता माझी नजर त्यांतील प्रेअरी व्ह्यूच्या जथ्याकडे आधी जाते. १९५७ पासून चालत आलेली ही कृष्णवर्णीय स्वारांची परंपरा आहे.

मात्र छायाचित्रांनी प्राण्यांचा प्रश्न सुटत नाही, आणि तसा आव कोणी आणू नये. पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकून त्याचे पाय बांधण्याचा प्रकार मला आजही पाहवत नाही. तो खेळणाऱ्या कुटुंबांविषयीच्या आदराने ते मत बदललेले नाही. टेक्सासमधील हंट्सव्हिलच्या तुरुंगात तर १९३१ ते १९८६ या काळात बहुतेक वर्षी कैद्यांचाच रोडिओ प्रेक्षकांपुढे भरवला जात असे. अशा परंपरेचीही नोंद हवी, कारण परंपरा म्हणवणारे सगळेच जपण्याजोगे नसते.

महाराष्ट्रात शर्यतीच्या बाजूचे लोक शेतकऱ्याच्या नावाने बोलतात आणि विरोधक बैलाच्या नावाने. पण खोंड विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज, गोठ्यात राबणाऱ्या बायका, शर्यतीत बैलांपुढे घोडी पळवणारा तरुण, शर्यतीतून बाद झालेल्या बैलाचे पुढे काय होते, हे सारे कोणी सलग टिपलेले माझ्या पाहण्यात नाही. ते टिपले तर दोन्ही बाजूंना काही अप्रिय गोष्टी पाहाव्या लागतील, आणि म्हणूनच ते काम कोणत्याही संघटनेच्या पैशावर होऊ नये. एखाद्या विद्यापीठाने किंवा संग्रहालयाने छायाचित्रकाराला निदान वर्षभराचे मानधन द्यावे, प्रत्येक चित्राखाली माणसाचे नाव, गाव व तारीख त्याच्या संमतीने लिहून घ्यावी आणि एक प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीत ठेवावी.