मजा करणे सक्तीचे आहे

शुक्रवारी दुपारी चार ते पाच आम्हाला मजा करायची असते. कॅलेंडरमध्ये तसं इन्व्हाइट येतं, शेजारी 'ऐच्छिक' असंही लिहिलेलं असतं. मात्र नकार दिला की कारणाचा रकाना उघडतो आणि तो भरल्याशिवाय नकार पुढे सरकत नाही.

यात एचआरच्या मॅडमचा काही दोष नाही. वरून हुकूम येतो, लोकांचं मनोबल वाढवा. पगार वाढवणं त्यांच्या हातात नाही. मग माणूस फुगे फुगवणार नाही तर काय करणार?

सुरुवात नेहमी 'दोन खरं, एक खोटं' या खेळाने होते. स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, त्यातलं खोटं इतरांनी ओळखायचं. अकाउंट्समधला आमचा एक सहकारी एरवी हिशेबापलीकडे तोंड उघडत नाही. तो उभा राहून म्हणाला, "मला पोहता येतं. मला मांजरांची भयंकर भीती वाटते. मी दुसरीकडे नोकरी शोधतोय." सगळे चिडीचूप. साहेब मात्र खदखदून हसले आणि म्हणाले, "तिसरं खोटं!" तो म्हणाला, "बरोबर सर." टाळ्या झाल्या. पुढे निरोप समारंभाच्या दिवशी त्याने आम्हाला मोबाइलवर आपल्या दोन मांजरांचे फोटो दाखवले.

त्यानंतर मनोरा. हा खेळ जगभर खेळला जातो. न शिजवलेल्या स्पॅगेटीच्या २० काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि एक मार्शमॅलो, म्हणजे साखरेची मऊ, फुगीर मिठाई. १८ मिनिटांत जास्तीत जास्त उंच मनोरा उभा करायचा, मार्शमॅलो टोकावर हवा. बिझनेस स्कूलमधून नुकतेच बाहेर पडलेले लोक यात बालवाडीतल्या मुलांपेक्षा मागे पडतात, असं हा खेळ घेणारेच सांगतात. मुलं पहिल्यापासून मार्शमॅलो ठेवून बघतात. मोठी माणसं शेवटच्या मिनिटापर्यंत नियोजन करतात. आमच्या गटात तर खुद्द साहेब होते. त्यामुळे आधी गटाचा नेता कोण यावर चर्चा झाली (निकाल सर्वांना ठाऊक होता), मग आराखडा, मग आराखड्यात दुरुस्त्या. सतराव्या मिनिटाला मंजुरी मिळाली. अठराव्या मिनिटाला मार्शमॅलो ठेवला आणि मनोरा साहेबांच्याच दिशेने अदबीने वाकला. "यातून आपण काय शिकलो?" मॅडमनी विचारलं. "कम्युनिकेशन," आम्ही एका सुरात म्हणालो. कुठल्याही खेळानंतर हे उत्तर चालतं. निर्धास्त द्यावं.

या सगळ्याचं मूळ शोधू गेलं तर १९२४ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात चाललेले प्रयोग सापडतात. उजेड वाढवला तर काम वाढलं, कमी केला तरी वाढलं म्हणे. आपल्याकडे कुणी लक्ष देतंय एवढ्यानेच माणसं हुरूपाने काम करतात, असा अर्थ पुढे काढला गेला. त्या आकड्यांवर पंडित नंतर बरेच भांडले. मला मात्र पुरावा रोज दिसतो. फोटो काढणारा आत आला की आम्ही सगळे हसतो, आणि तो गेला की घड्याळाकडे बघतो.

खरं हसलो ते सर्व्हर बंद पडला त्या दुपारी. कुणालाच काही करता येईना, लोक खुर्च्या ओढून एकत्र बसले आणि आयटीवाल्यांच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली. आयटीवालेही त्यात सामील होते. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

फ्रान्समध्ये एकाची नोकरी गेली होती आणि कंपनीच्या 'मजेशीर' संस्कृतीत तो मिसळत नाही हेही त्याचं एक कारण होतं. तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. ही बातमी कुणीतरी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी वाचली. अंगठा कुणीच दाखवला नाही.

शेवटी फीडबॅक फॉर्म येतो. मजा किती आली, १ ते ५ मध्ये सांगा. नाव लिहायचं नाही, फक्त एम्प्लॉयी नंबर. तीनपेक्षा कमी गुण दिले की त्याबद्दल मॅनेजरशी अर्धा तास वैयक्तिक चर्चा असते. म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून पाच दिले. इतका उदंड प्रतिसाद पाहून व्यवस्थापन भारावलं, आणि आता बुधवारीही मजा असते.