पिकअपचं ॲव्हरेज पद्धतशीर कसं पाडावं: हौशी मालकांसाठी थोडं मार्गदर्शन

पिकअप घेतलीत, अभिनंदन. पण कंपनीने दिली तशीच फिरवणार असाल तर जरा चारचौघांचा विचार करा राव. कंपनीतल्या इंजिनिअर लोकांनी ती गाडी विंड टनेलमध्ये ठेवून, टायरची साइज, डिफरेन्शियलचा (इंजिनचा जोर चाकांना वाटणाऱ्या गिअरचा) रेशो, पुढच्या बंपरखालची ती लोंबणारी काळी प्लॅस्टिकची पट्टी, सगळं एकमेकांशी जुळवून ठेवलेलं असतं, आणि हे सगळं कशासाठी तर लिटरमागे थोडं जास्त अंतर जावं म्हणून. किती खालच्या पातळीचा विचार! आपण ही पातळी उंचावायची आहे. चार इंच तरी.

सुरुवात टायरपासून करा. खाली वाकून टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाचा, बहुतेक वेळा २६५/७०आर१७ सारखं काहीतरी असतं. म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७० टक्के आणि रिम १७ इंची, सगळी बेरीज केली की टायर साधारण ८०३ मिलिमीटर उंच, म्हणजे ३१.६ इंच. आता हे वाचून झालं की विसरून जा आणि ३५चे, म्हणजे ३५ इंच उंचीचे, टायर ऑर्डर करा. ३३ का नाही असं विचारू नका, ३३वाल्याच्या शेजारी सिग्नलला ३५वाला येऊन थांबला की काय होतं ते ३३वाल्यालाच विचारा.

कंपनीचा टायर साधारण सोळा ते अठरा किलोचा असतो आणि जाड प्लायचा (आतल्या थरांचा), चिखलात चालणारा ३५चा टायर तीस किलोच्या आसपास जातो, काही तर त्याच्याही वर. चार चाकं म्हणजे पन्नास किलो आरामात वाढले, स्टेपनी वेगळी, आणि ती आता गाडीखालच्या जागेत मावत नाही म्हणून हौद्यात पडून असते आणि सामानाची जागा खाते. इथे तुम्हाला एक तज्ज्ञ भेटेल जो सांगेल की चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो. त्याचं ऐकू नका, फिजिक्स एवढं उदार नाहीये. चाकाच्या अगदी कडेला असलेलं वजन पुढेही न्यावं लागतं आणि गोलही फिरवावं लागतं, म्हणून गाडी वेग पकडताना ते फार तर दुप्पट भरतं, आणि एकदा का गाडी एका स्पीडला लागली की हा गोल फिरवायचा हिशोब संपला. तेव्हा या खर्चाचा पुरेपूर आनंद घ्यायचा असेल तर गाडी शहरातच चालवा, सिग्नल सुटला की जोरात दाबा आणि पुढच्या सिग्नलला कचकन ब्रेक मारा, म्हणजे तेल जाळून चाकात भरलेली सगळी एनर्जी ब्रेक डिस्क तापवायला कामी येईल.

मग रबर. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे सरकला की परत सुटतो, आणि या दबण्या-सुटण्यात रबर गरम होतं, ती गरमी तुमच्या टाकीतूनच आलेली असते. जाड प्लाय आणि खोल मोठमोठे ब्लॉक असले की दबायला जास्त रबर, म्हणजे जास्त गरमी. डांबरी रस्त्यावर ते ब्लॉक जो घूं घूं आवाज करतात तो ऐकून लोक वळून बघतात, हा फायदा वेगळा. हवा मात्र गेज लावून चेक करू नका, नुसतं डोळ्यांनी बघा, कारण जाड प्लायचा टायर इतका कडक असतो की हवा कमी असली तरी तो फुगलेलाच दिसतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे की चारही टायरची सरासरी हवा एक पीएसआयने उतरली की ॲव्हरेज साधारण ०.२ टक्के पडतं. दहा पीएसआय कमी ठेवलीत की दोन टक्के फुकटात गेले, कुठलंही किट न बसवता.

आता लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शनमध्ये ठोकळे घालून गाडी उंच करणं. पिकअप वरून कितीही देखणी असो, खालून बघाल तर सायलेन्सरचा पाइप, ॲक्सल, डिफरेन्शियलचा गोळा, पाटे, शॉकअप, सगळं उघडं. हवा या पसाऱ्यात शिरली की अडखळते आणि गाडीला मागे ओढते. ती शिरू नये म्हणूनच बंपरखाली ती पट्टी होती, जी तुम्ही पहिल्या आठवड्यात 'चीप दिसते' म्हणून काढून टाकली. राम १५०० या अमेरिकन पिकअपला एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर बसणारी गाडी) घेतलं तर हायवेला स्पीड पकडला की गाडी आपणहून अर्ध्या इंचाच्या आसपास खाली बसते, हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून. अर्ध्या इंचासाठी त्यांनी कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह, सेन्सर आणि कॉम्प्युटर लावला आणि तुम्ही नुसते ठोकळे घालून चार इंच उलट दिशेला गेलात. शिवाय नवीन रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) असा निवडा की टायर फेंडरच्या बाहेर दोन बोटं तरी डोकावतील, उघड्यावर फिरणारं चाक हवेला जेवढं घुसळतं तेवढं दुसरं काही घुसळत नाही.

हवेचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो. ८०च्या जागी ११० ने गेलात की जोर जवळजवळ १.९ पट, आणि तो तोडायला लागणारी पॉवर २.६ पट. आणि इथे मोठ्या टायरचा खरा चमत्कार बघा. गाडीच्या मीटरला वाटतंय की चाक अजून ३१.६ इंचीच आहे, ते फक्त फेरे मोजतंय बिचारं. म्हणून काटा १०० वर असतो तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात ११० च्या जरा वरच चाललेले असता (छापील ३५चा टायर मोजला तर थोडा कमीच भरतो, आणि कंपनीचा काटाही मुळात जरा चढाच दाखवतो, पण ते सोडा). काटा तिथेच, हवा मात्र २२ टक्के जास्त ढकलताय. स्पीड न वाढवता स्पीडचा खर्च वाढवणारं दुसरं ॲक्सेसरी बाजारात नाही.

आणि आता येऊ त्या मुद्द्यावर जिथे भले भले घसरतात, तो म्हणजे ॲव्हरेज काढणं. जे फेरे कमी मोजतं ते अंतरही कमी मोजतं. खरे ५०० किलोमीटर गेलात तर मीटर ४५२ च्या आसपास दाखवणार. समजा पूर्वी लिटरला १० मिळत होते आणि आता खरे ८.७ मिळतात, तर मीटरवरून भागाकार केला की ७.९ येतं आणि तुम्ही छाती बडवत सगळ्यांना सांगत सुटता की ॲव्हरेज वीस टक्के पडलं हो. खरं तेरा टक्केच पडलंय, बाकीचं मीटर खोटं बोलतंय. हा झाला रडका पंथ. दुसरा पंथ आहे त्याला लिफ्टने काही फरक पडतच नाही हे सिद्ध करायचं असतं, विशेषतः घरी. त्यांनी असं करावं: गॅरेजवाल्याकडून कॉम्प्युटरमध्ये नवीन टायर साइज भरून घ्यावी, म्हणजे मीटर बरोबर दाखवायला लागेल, आणि नंतर ते विसरून हाताने परत १.१ ने गुणावं. ८.७ चे ९.६ होतात. 'बघ, पॉइंट चारचा तर फरक आहे!' हे वाक्य म्हणताना नजर मीटरवर ठेवा, समोरच्याकडे नको.

गिअरचं पण बघायला हवं. मोठं चाक म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर, म्हणून ३.७३ चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचे ३.७३ फेरे) असलेली गाडी आता ३.३७ असल्यासारखी वागते. त्यावर कोणीतरी म्हणणारच, 'मग आरपीएम कमी झाले की, ॲव्हरेज उलट वाढेल.' कागदावर बरोबर आहे, सपाट रस्ता आणि हलका पाय असेल तर थोडंफार मिळेलही. पण आता हवा जास्त, टायर जड, आणि इंजिनला ओढायला गिअर उंच, मग जरासा चढ आला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टॉपमधून खाली येतो, परत वर जातो, परत खाली. ४.१० चे गिअर टाकले की गाडी जवळपास मूळच्यासारखी ओढायला लागते, पण ते मुळीच करू नका, कारण फोर बाय फोरला पुढचं आणि मागचं दोन्ही डिफरेन्शियल उघडावं लागतं आणि एवढं करून बाहेरून काहीच दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर कसला खर्च करायचा?

हाच नियम अलाइनमेंटला. लिफ्ट केल्यावर पुढच्या आर्मचे कोन बदलतात आणि टो बिघडतो, म्हणजे दोन्ही चाकं सरळ न बघता किंचित तिरकी बघत रस्त्यावरून घासत जातात. काही दिवसांनी टायरवरून तळहात आडवा फिरवून बघा, एका बाजूने गुळगुळीत लागेल आणि उलट फिरवला तर करवतीच्या दातांसारखं टोचेल. तेवढं रबर रस्त्याला घासून गेलंय आणि ते घासायलाही टाकीतलं तेलच लागलंय. आणि फुल स्टिअरिंग मारून रिव्हर्स घेताना चाकाच्या खोलीत खर्रर्र आवाज आला तर घाबरायचं नाही, टॉर्च मारून आतल्या लायनरवर (प्लॅस्टिकच्या अस्तरावर) काळा चकचकीत पट्टा कुठे उमटलाय ते बघायचं आणि तेवढा भाग कटरने कापून टाकायचा. पहिल्यांदा थोडा कापतात. मग वळणावर खड्डा लागतो, मग आणखी थोडा कापतात. शेवटी लायनर उरत नाही आणि चिखल थेट आतल्या वायरिंगवर जातो, अर्थात चिखलात गेलात तर. जी गाडी ऑफिसच्या पार्किंगपलीकडे उतरतच नाही तिला ही भीती नाही.

एवढं सगळं झाल्यावर ॲव्हरेज पडलेलं दिसेल तेव्हा कारण शोधायला निघा, फक्त गाडीखाली सोडून सगळीकडे शोधा. पंपवाला भेसळ करतो. एअर फिल्टर बदला. टाकीत ती बाटलीतली जादू ओता. इंजेक्टर साफ करून घ्या. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, पण पखाल तरी स्वच्छ झाली ना! हौद्याचा फाळका उघडा टाकून चालवला तर हवा आरपार जाते असं सांगणारे तर भेटतातच. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्या डोक्यावरून सटकून जाते, उघडला की तो भोवरा मोडतो. म्हणून नक्की उघडा, राहिलेलं जरा आणखी पडेल.

आणि टाकी लवकर संपायला लागली तर त्यालाही उपाय आहे, जादा टाकी बसवून घ्या. पन्नास लिटर डिझेलचं वजन बेचाळीस किलोच्या आसपास, लोखंडी टाकीचं वेगळं, आणि त्याच ऊर्जा खात्याच्या हिशोबाने पंचेचाळीस किलोला साधारण एक टक्का जातो, जड गाडीला जरा कमी. ते जाऊ द्या, पण एवढ्या वजनाने गाडी मागून बसते आणि बसलेली गाडी फार वाईट दिसते हो, म्हणून मागे एक पाटा वाढवा. मग नाक खाली गेल्यासारखं वाटतं, पुढे दोन इंचाचे स्पेसर टाका. आता चाक आणि फेंडरच्या मध्ये एवढी मोकळी जागा दिसते की ३५चे टायर खेळण्यातले वाटायला लागतात. ३७चे बघून ठेवलेत ना?