उताणा तळहात

मोडलेल्या मनगटाची खरी अडचण ही की कसं मोडलं ते सांगताना लाज वाटते. डोंगर नाही, घोडा नाही, निदान धावती गाडी तरी असावी, तर तीही नाही. ओली फरशी. ती पुसलेलीही मीच. तोल गेला, हात आपसूक पुढे टेकला आणि मनगटाच्या जरा वर रेडियस नावाचं हाड मोडलं.

"अहो, हे जेवणाच्या काट्यासारखं दिसतंय," बायको म्हणाली. डॉक्टरही या वाकड्या आकाराला काट्याचीच उपमा देतात. अब्राहम कॉलिस या आयरिश सर्जनने हे मोडणं १८१४ मध्ये लिहून ठेवलं, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या एक्याऐंशी वर्षं आधी. बायकोला तर कॉलिससुद्धा लागला नाही.

ऑपरेशनला खांद्याजवळ इंजेक्शन देऊन फक्त हात झोपवला. तळहाताच्या बाजूने चीर, टायटॅनियमची प्लेट, वर स्क्रू. रात्री अर्धवट झोपेत जाणवलं, कुणाचा तरी गरम, जड हात माझ्या छातीवर आहे. मी सभ्यपणे तो बाजूला सारला. तो परत आला आणि माझ्याच नाकावर आपटला. ओळख पटायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी भाचा फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन आला आणि ते मनगटावरच्या पट्टीला लावून पाहिलं. चिकटलं नाही. टायटॅनियमला लोहचुंबक धरत नाही, हे मी समजावलं, पण मामाबद्दलचा त्याचा आदर उतरला तो उतरलाच.

सूज उतरावी म्हणून हात हृदयापेक्षा वर ठेवायचा आणि बोटं सतत हलवायची, असा हुकूम होता. भेटायला येणाऱ्यांना वाटे, मला काहीतरी विचारायचंय. दात घासायचं काम डाव्या हाताकडे आलं. तो ब्रश घट्ट धरून उभा राही आणि मी डोकं हलवी.

दोन आठवड्यांनी टाके निघाले. मला वाटलं, संपलं. इथून तर सुरुवात होती. हाड साधारण सहा आठवड्यांत जुळू लागतं, पण सांध्याला ते कुणी कळवत नाही.

माझी बोटं चालू लागली, मनगटही कुरकुरत वाकू लागलं, पण तळहात उताणा होईना. रेडियस शेजारच्या अल्ना नावाच्या हाडाभोवती फिरतो तेव्हा कुठे तळहात आभाळाकडे बघतो, ही गोष्ट इतकी वर्षं मला न सांगता चालू होती. आता हात पालथा राहायचा, फार तर कुशीवर वळायचा. म्हणजे मी कुणालाही काहीही देऊ शकत होतो, घेता मात्र काही येत नव्हतं. बायकोने गोळी हातावर ठेवली की ती घरंगळून सोफ्याखाली. सोफ्याखालच्या धुळीला वेदनाशामकाचा डोस माझ्यापेक्षा जास्त मिळाला असेल.

मी यावर उपाय काढला होता. कोपर बाहेर, खांदा खाली, कंबर तिरकी, की तळहात बराचसा वर दिसे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो एका नजरेत पकडला. "कोपर बरगड्यांना चिकटवा. आता वळवा." कोपर चिकटलं आणि माझं कर्तृत्व उघडं पडलं. त्यांनी कोन मोजायची पट्टी लावली. पस्तीस अंश. शाळेत भूमितीत याहून बरे मार्क होते.

मग हातोडी. दांडा धरून ती उभी ठेवायची आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला कलू द्यायची. तिच्या वजनाने हात वळतो. आयुष्यात एक खिळा सरळ न ठोकलेला माणूस रोज सकाळी हातोडी घेऊन खुर्चीत बसू लागला. घरच्यांनी त्या वेळेत माझ्याशी वाद घालणं बंद केलं, हा फायदा कुठल्याच डॉक्टरने सांगितला नव्हता. संध्याकाळी कमावलेले पाच अंश रात्रीत कुठे जात कोण जाणे. सकाळी हात पुन्हा लाकूड, आणि मी पुन्हा हातोडीपाशी.

तिसरा महिना संपला. आता हातावर टेकून बघा, असं बाई दर वेळी सांगत. मी टेकत नव्हतो. फरशी दिसली की हात आपोआप खिशात जायचा.

परवा दुकानात सुट्टे पैसे घ्यायला मुद्दाम उजवा हात पुढे केला. कोपर बरगड्यांना चिकटवून. दुकानदाराने एकेक करून तीन नाणी ठेवली. दोन राहिली. तिसरं उतारावरून निघालं ते थेट फळीखाली. ती दोन खिशात टाकून मी खाली वाकलो, मान आत घातली, डाव्या हाताने चाचपलं. नाणं नाही. आणखी आत सरकलो, तेव्हा लक्षात आलं की सगळं वजन उजव्या तळहातावर आहे. फरशीवर. तसाच थांबलो, हललो नाही.

"राहू द्या हो, दुसरं देतो," वरून आवाज आला.

"दोन मिनिटं," मी म्हणालो.