हिरवे पान, बारीक अक्षर
मंडईजवळच्या दुकानात ‘100 टक्के नैसर्गिक’ असे ठळक छापलेला कडुनिंबाचा स्वस्त साबण दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो आणि घरी येऊन, भिंग लावून मागची बाजू वाचताना, दर वेळी तोच मनस्ताप होतो. पहिल्या दर्जाच्या अंघोळीच्या साबणात टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांश, किमान 76 टक्के असावा लागतो. इथे मात्र ‘बेदिंग बार’ (म्हणजे कमी स्निग्धांश चालणारी वडी) ही पळवाट कोपऱ्यात दडलेली असते. रिठा-शिकेकाईच्या शाम्पूच्या घटकयादीत (ती जास्तीकडून कमीकडे जाते) पाण्यापाठोपाठ सोडियम लॉरेथ सल्फेट हे फेस आणणारे रसायन, आणि शिकेकाई थेट शेवटाकडे, सुगंधाच्या शेजारी! स्वस्ताईबद्दल माझी तक्रार नाही (नुसती शिकेकाई कुठे महाग असते?), पण वेष्टनावर पाल्याचे चित्र काढायला जेवढी शाई खर्च होते, तेवढाही पाला आत नसावा?