घारगे फुगतात ते सोड्याने नव्हे

पावसाळ्यात वेलावर धरलेले लाल भोपळे आश्विनात बाजारात उतरले, की त्यांच्या मागोमाग एक संदेशही फोनाफोनांतून फिरू लागतो. थोडक्यात तो असा: कोणताही भोपळा घ्या, कुकरला तीन शिट्ट्या काढा, गूळ घाला, मावेल तेवढी कणीक घाला, चिमूटभर सोड्याने घारगे टम्म फुगतील. तळण नको असेल तर तेच पीठ ओव्हनमध्ये 180 अंशांवर दहा मिनिटं ठेवा, तसेच घारगे तेलाशिवाय मिळतील. उरलेल्या गराचा केक करा; गर असला की अंडी लागत नाहीत, आणि साखरेइतकाच गूळ घालायचा. भोपळा कडवट निघाला तर गूळ वाढवा.

यातली शेवटची सूचना धोक्याची आहे. बाकीच्या बहुतेक पदार्थ बिघडवणाऱ्या आहेत.

"कुकरला तीन शिट्ट्या"

भोपळ्यात दहातले नऊ भाग पाणीच असतं. कुकरमध्ये त्यात वाफेचं पाणी मिसळतं, वर गूळ विरघळला की सगळं आणखी पातळ होतं. मग "मावेल तेवढी कणीक" दुप्पट मावते. घारगे फिक्या चवीचे, चिवट, आणि दुसऱ्या दिवशी चामड्यासारखे होतात. दोष कणकेला दिला जातो, पण गडबड त्याआधीच झालेली असते.

साल काढून केलेला 250 ग्रॅम कीस जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तुपावर, वरून पाणी न घालता, झाकण ठेवून 5 मिनिटं वाफवावा. मग झाकण काढून तो साधारण 180 ग्रॅमवर येईपर्यंत परतावा. गॅस बंद करून 150 ग्रॅम चिरलेला गूळ घालावा. गूळ नुसता विरघळला पाहिजे. गॅसवर ठेवून त्याचा पाक झाला तर घारगे गार झाल्यावर कडक होतात. मिश्रण कोमट झालं की मीठ, वेलची किंवा जायफळ, 50 ग्रॅम तांदळाची पिठी आणि 250 ते 275 ग्रॅम कणीक लागेल तशी घालून पुरीपेक्षा किंचित सैल पीठ भिजवावं. एवढ्यात 22-24 घारगे होतात. भोपळा कुकरमध्ये आधीच शिजवून झाला असेल, तर गर चाळणीत निथळून कढईत कोरडा करून घ्यावा; त्याशिवाय पुढे जाऊ नये.

"सोड्याने टम्म फुगतील"

घारगा फुगतो तो वाफेने. गरम तेलात पडताच वरचा पापुद्रा धरतो, आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती पापुद्र्याला वर उचलते. सोड्याने पिठात बारीक छिद्रं पडतात, वाफ त्यांतून निसटते आणि तेल आत शिरतं. शिवाय सोड्यामुळे रंग फार लवकर चढतो. गुळाचं पीठ मुळातच लवकर लाल होतं, म्हणून सोड्याचे घारगे बाहेरून काळपट, आतून कच्चे आणि हाताला तेलकट लागतात.

फुगण्यासाठी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जाडी 3-4 मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी हवी; कडा जाड आणि मध्य पातळ थापला की घारगा एका बाजूनेच फुगतो. तेल 170-175 अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाची गोळी टाकून बघावी: ती क्षणभर तळाशी थांबून मग वर यायला हवी. आणि भिजवलेलं पीठ अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नये. गूळ ओल सोडत राहतो, पीठ सैल पडतं, मग वर कणीक भुरभुरावी लागते आणि ती तेलात जळून तळाशी बसते.

"तेच पीठ ओव्हनमध्ये, तेलाशिवाय"

हे होत नाही. तेलातली उष्णता घारग्याला क्षणात आणि सगळ्या बाजूंनी लागते. ओव्हनमधली गरम हवा तेवढं काम फार सावकाश करते. वाफ जमायच्या आत ओल उडून जाते आणि स्निग्धांश नसल्यामुळे हाताशी येतात त्या कडक, गोड चकत्या.

तळण टाळायचंच असेल तर याच पिठाच्या दशम्या लाटून मध्यम आचेवर तुपावर भाजाव्यात. ओव्हनच वापरायचा असेल तर पदार्थ बदलावा. कोकणात आणि गोव्यात काकडीचं तवसाळं किंवा धोंडस पूर्वापार असंच होतं, भांड्याच्या खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून. बेकिंग म्हणतात ते दुसरं काय असतं! भोपळ्याचंही ते छान होतं. 200 ग्रॅम इडली रवा दोन चमचे तुपावर भाजून घ्यावा. 300 ग्रॅम कीस, 175 ग्रॅम गूळ आणि 200 मिलिलिटर नारळाचं दूध एकत्र उकळून त्यात हा रवा, 50 ग्रॅम ओलं खोबरं, मीठ आणि वेलची घालावी. मंद आचेवर गोळा होत आला की झाकून 20 मिनिटं ठेवावं, म्हणजे रवा फुलतो. मग तूप लावलेल्या डब्यात थापून 180 अंशांवर 40-45 मिनिटं भाजावं. रवा कचकच लागला तर समजावं, झाकून ठेवायची 20 मिनिटं वाचवली गेली.

"गर असला की अंडी नकोत, साखरेइतकाच गूळ"

अर्धं खरं. एका अंड्याऐवजी 60 ग्रॅम दाट गर चालतो. ओलावा मिळतो आणि पीठ बऱ्यापैकी बांधलं जातं. पण अंड्यासारखा तो केकला उचलून धरत नाही. तीन अंड्यांच्या केकमध्ये ही अदलाबदल केली तर केक खाली बसतो.

गुळात साखरेपेक्षा ओल जास्त असते, त्यामुळे वजनाने तेवढाच घ्यायचा तर कृतीतलं दूध किंवा पाणी दोन मोठे चमचे कमी करावं. वाटीने मोजूच नये: चिरलेला गूळ वाटीत किती दाबून भरला यावर माप बदलतं.

बिनअंड्याचं एक माप असं: कणीक 150 ग्रॅम, बारीक रवा 50, दाट गर 200, गूळ 150, दही 100, तेल 80, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा. सोड्याची जागा इथे आहे, कारण दह्याचा आंबटपणा त्याला काम देतो. 170 अंशांवर 50-55 मिनिटं. पूर्ण गार होण्याआधी कापला तर मध्यभाग गिचका लागतो, आणि केक कच्चा राहिला असं उगाच वाटतं.

"कोणताही भोपळा"

विदर्भात लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात आणि त्याचे बोंडं करतात. पुण्या-मुंबईच्या बाजारात कोहळा मागितला तर पेठ्याचा पांढरा मिळेल. अमेरिकेत हॅलोविनला कोरायला मिळणारे मोठे भोपळे पाणचट आणि धागेदार असतात. तिथे बटरनट किंवा काबोचा जातीचा भोपळा घ्यावा. डब्यातला गर घेताना घटकांच्या यादीत फक्त भोपळा आहे ना ते पाहावं, कारण 'पाय' (pie) या गोड पदार्थासाठीच्या डब्यात साखर आणि मसाले आधीच घातलेले असतात.

"कडवट निघाला तर गूळ वाढवा"

अजिबात नाही. कडू चव कुकुर्बिटासिन या द्रव्यांची असते, दुधी कडू निघतो तेव्हा असते तीच. ती शिजवल्याने जात नाहीत. गुळाने फक्त चव झाकली जाते आणि माणूस जास्त खातो. त्यातून उलट्या, जुलाब आणि पोटात तीव्र कळा येऊ शकतात. किसण्याआधी कच्च्या फोडीचा कण जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून चूळ भरावी आणि अख्खा भोपळा टाकून द्यावा, बियांसकट.